टीव्ही कॅप्चर कार्डवर रेकॉर्डिंग क्वालिटी कशी ठरवावी: व्हीएचएस कॅसेट आणि सेटटॉप बॉक्ससाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत लग्नाची, कानबाईच्या उत्सवाची, सारंगखेड्याच्या यात्रेची व्हीएचएस कॅसेट अजून कपाटात पडून आहे. ती संगणकावर उतरवायला लोक यूएसबीचं कॅप्चर कार्ड आणतात, सॉफ्टवेअर उघडतात आणि तिथेच अडतात. ‘गुड’, ‘बेटर’, ‘बेस्ट’, ‘लाँग प्ले’, वर १०८०पी. बहुतेक जण सगळ्यात मोठा आकडा निवडतात. फाइल अवाढव्य होते, चित्र मात्र चिरफाळ्या पडलेलं किंवा ताणलेलं येतं. कॅप्चरमध्ये क्वालिटी ठरते ती मूळ चित्रात किती माल आहे आणि पुढे ते कुठे पाहायचं आहे यावरून. मेनूतल्या सर्वांत वरच्या पर्यायाचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

आधी मूळ चित्र समजून घ्या

आपल्याकडची व्हीएचएस कॅसेट आणि सेटटॉप बॉक्सची एव्ही आउट, दोन्ही पाल पद्धतीची असतात. पालमध्ये एकूण ६२५ रेघा, त्यातल्या ५७६ चित्राच्या आणि सेकंदाला २५ फ्रेम. प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये येते: आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० क्षण टिपलेले असतात. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर पुढचे निम्मे घोळ होत नाहीत.

आडव्या दिशेला व्हीएचएसचा तपशील फार थोडा, साधारण २४० रेघांइतकाच. उभ्या दिशेला मात्र सगळ्या ५७६ रेघा येतात. म्हणून कॅप्चर नेहमी ७२० बाय ५७६ वर करा. ३५२ बाय २८८ निवडलं तर एक फील्ड सरळ फेकलं जातं. चित्र ढोबळ होतंच, शिवाय वरातीतला नाच झटके खात चालल्यासारखा दिसतो. जुन्या कार्डांवरचा ‘व्हीसीडी’ हा पर्याय म्हणजे हेच: ३५२ बाय २८८, सेकंदाला ११५० किलोबिट. त्याला हातही लावू नका. १०८०पी निवडल्याने नसलेला तपशील येत नाही. तेच चित्र फुगवून साठवलं जातं.

एव्हीचं एचडीएमआय करणारी स्वस्त डबी घेऊन ती एचडीएमआय कॅप्चरला जोडायची, हाही मार्ग बरेच जण धरतात. तो टाळा. ती डबी दोन फील्ड कशीतरी एकत्र करते आणि ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणते. नवरीचा चेहरा रुंद झाला की मागाहून तो नीट करता येतो, पण विस्कटलेली फील्ड परत मिळत नाहीत.

जोडणी आणि पालची नोंद

व्हीसीआरची पिवळी पिन कार्डाच्या पिवळ्यात, पांढरी आणि लाल आवाजाला. व्हीसीआरला एस-व्हिडिओ आउट असेल तर पिवळ्याऐवजी ती वापरा. रंगीत कडांवरचे सरकणारे ठिपके कमी होतात. पीसीत बसवलेलं जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड असेल तर त्याच्या अँटेनाच्या जॅकचा केबलसाठी आता उपयोग नाही, कारण केबलचं डिजिटायझेशन २०१७ मध्ये संपलं. त्याच कार्डाची एव्ही किंवा एस-व्हिडिओ इन मात्र उत्तम चालते.

सेटटॉप बॉक्सला बऱ्याचदा तीन पिनांऐवजी ३.५ मिलिमीटरचा एकच एव्ही जॅक असतो. दुसऱ्या कुठल्या यंत्राची वायर त्यात बसते, पण आतली क्रमवारी वेगळी असू शकते. पिवळ्यावर चित्र येत नसेल तर लाल किंवा पांढरी पिन पिवळ्याच्या जागी लावून पाहा. तरीही नुसती गुणगुण आली तर त्या बॉक्ससोबत मिळणारी वायरच आणा.

आता सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड ‘पाल बी’ आहे ना ते पाहा. बरीच यूएसबी कार्डं मुळात एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर येतात. मग चित्र काळं-पांढरं होतं, वर-खाली सरकतं किंवा रेघा ४८० वर अडकतात. कार्ड बिघडलं म्हणून दुकानात परत नेण्याआधी ही एक खूण तपासा.

कार्डातला उजेड: एन्कोडरच्या आधीची पायरी

बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला किती बिट साठवायचे त्याच्या, नादात ही पायरी हमखास राहून जाते. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट कार्डातच, म्हणजे चित्र फाइल होण्याआधी ठरतात. पांढरा भाग इथे एकदा जळाला की कितीही बिट दिले तरी तो परत येत नाही.

तपासायची सोपी जागा म्हणजे लग्नातली वडीलधारी मंडळी. भर दुपारच्या उन्हात मांडवाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या आणि धोतरं पाहा. टोपीची घडी, धोतराच्या चुण्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. टोपी म्हणजे नुसता सपाट पांढरा ठोकळा दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा, मग गरज पडली तर ब्राइटनेस, आणि घडी दिसू लागली की थांबा. नंतर गडद बाजू: वधूपक्षाकडच्या काळ्याभोर केसांत किंवा रात्रीच्या वरातीत मागे उभ्या असलेल्या माणसांत काही वेगळं दिसतं का? दोन्ही टोकं जपता येत नसतील तर पांढऱ्याची बाजू धरा. अंधार नंतर थोडा उजळता येतो. शार्पनेस शून्याकडे ठेवा. तो वाढवला की कॅसेटचा खरखराट वाढतो आणि तोच बिट खातो.

बिटरेट: हिशेब आणि निवड

एक साधं गणित पाठ करून टाका: सेकंदाला जितके मेगाबिट, त्याला ०.४५ ने गुणलं की तासाला तितके जीबी. ४ मेगाबिटला १.८ जीबी, ६ ला २.७, ८ ला ३.६. आवाज २२४ किलोबिटचा असेल तर तासाला आणखी ०.१ जीबी.

आता कुठल्या चित्राला किती? एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून फाइल करणाऱ्या भागाला, जड जाते ती हालचाल, गर्दी आणि लुकलुक. एकच कीर्तनकार, मागे पडदा आणि कॅमेरा स्टँडवर असेल तर एमपीईजी-२ या डीव्हीडीच्या पद्धतीत ४ मेगाबिट पुरतात. आखाजीच्या झोक्यावरच्या मुली, मागे हलणारी कडुनिंबाची पानं, त्यात हातात धरलेला कॅमेरा, इथे ६ लागतात. रात्रीची वरात, बँडच्या डोक्यावरचे दिवे, फटाके, उडणारा गुलाल: ८ च्या खाली जाऊ नका. कमी दिलं की गुलालाचे चौकोनी तुकडे होतात आणि नाचणाऱ्यांचे चेहरे हलले की विरघळतात. एका कॅसेटमध्ये हे सगळंच असतं, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबल बिटरेट निवडा: सरासरी ६, कमाल ८, किमान २. शांत दृश्यात वाचलेले बिट वरातीला मिळतात. कॉन्स्टंट बिटरेट फक्त तेव्हाच घ्या जेव्हा फाइलचा आकार आधी नेमका माहीत हवा असतो.

डीव्हीडी करायची असेल तर हद्द ठरलेली आहे. डीव्हीडीत चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट चालतात आणि साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. तासाभराचा कार्यक्रम ८ वर आरामात बसतो. दोन तासांना साधारण ४.८. तीन तासांची पूर्ण कॅसेट एकाच डिस्कवर कोंबायची म्हटलं तर हाताशी ३.१ मेगाबिटच उरतात. अशा वेळी ३५२ बाय ५७६ घ्या. आडवे पिक्सेल निम्मे होतात, पण व्हीएचएसमध्ये तसाही तितकाच तपशील असतो, आणि दोन्ही फील्ड शाबूत राहतात. तरी आमचं मत विचाराल तर दोन डिस्क करा. एका डिस्कचे पैसे वाचवून कॅसेटमधल्या वरातीचा चिखल करण्यात अर्थ नाही.

पेनड्राइव्हवरून टीव्हीवर पाहायचं किंवा हार्ड डिस्कवर जपून ठेवायचं असेल तर एच.२६४ ही चित्र दाबण्याची नवी पद्धत घ्या. तेच चित्र कमी जागेत बसतं, आणि फाइल मोबाइलवरही चालते. तिथे बिटरेट ठरवण्यापेक्षा क्वालिटी ठरवणं सोयीचं. त्या आकड्याला सीआरएफ म्हणतात; आकडा लहान तितकं चित्र चांगलं. १८ ठेवलं तर डोळ्याला फरक कळत नाही, २३ ला खरखरीत कॅसेट विरघळायला लागते. सीआरएफमध्ये फाइल किती होईल ते चित्रावर अवलंबून असतं. खरखराट जास्त असलेली जुनी कॅसेट, नवीन कोऱ्या कॅसेटपेक्षा मोठी फाइल करते, कारण एन्कोडरला खरखराटही तपशीलच वाटतो.

ज्यांच्याकडे एकमेव कॅसेट आहे आणि तिच्यात आता हयात नसलेली माणसं आहेत, त्यांनी एक पायरी वर जावं: लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता दाबलेली प्रत. हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओ या कोडेकने तासाला साधारण २५ ते ३५ जीबी लागतात. अजिबात न दाबता घेतलं तर ७५ जीबीच्या आसपास, म्हणजे उगाच जास्त. लॉसलेस प्रत एकदा घ्यायची आणि तिच्यावरून पाहण्यापुरत्या एच.२६४ प्रती काढायच्या. कॅसेट दरवेळी घासते आणि चांगला व्हीसीआर शोधूनही मिळेनासा झाला आहे, म्हणून हे पहिल्याच फेरीत करून टाका.

ओबीएसमध्ये प्रत्यक्ष सेटिंग

ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि बहुतेक यूएसबी कार्डांशी जमतं. ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ जोडा आणि त्याच्या गुणधर्मांत ‘कस्टम’ निवडून ७२० बाय ५७६, २५ एफपीएस, फॉरमॅट वाययूवाय२, कलर स्पेस ६०१, रेंज लिमिटेड भरा. पिक्सेल चौकोनी नसल्याने ७२० बाय ५७६ जसंच्या तसं दाखवलं तर माणसं थोडी बारीक दिसतात. म्हणून सेटिंग्ज, व्हिडिओमध्ये कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही ७६८ बाय ५७६ करा, एफपीएस ५० ठेवा आणि चित्र कॅनव्हासभर ताणून बसवा.

आता सोर्सवर उजवं क्लिक, डीइंटरलेसिंग (फील्डपासून पूर्ण फ्रेम करणं), ‘यॅडिफ २एक्स’, फील्डचा क्रम ‘टॉप फर्स्ट’. यामुळे प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम होते आणि ५० क्षणांतला एकही हरवत नाही. क्रम बरोबर आहे का ते ताशेवाल्याच्या हातांवरून कळतं: काडी सरळ खाली यायला हवी. ती पुढे-मागे थरथरत असेल तर क्रम उलटा आहे, ‘बॉटम फर्स्ट’ करा. डीइंटरलेसिंग बंदच राहिलं तर हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ही चूक फाइलमध्ये कायमची बसते.

आउटपुटमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ घ्या. एन्कोडर एक्स२६४, रेट कंट्रोल सीआरएफ १८, प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’, कीफ्रेम २ सेकंद. जुना लॅपटॉप हाशहुश करत असेल तर इंटेलचा क्विकसिंक एन्कोडर वापरा आणि १० मेगाबिट द्या. जुन्या हार्डवेअर एन्कोडरला तेवढ्याच क्वालिटीला जास्त बिट लागतात. आवाज ४८ किलोहर्ट्झ, एएसी १९२ किलोबिट.

फाइलचा प्रकार एमकेव्हीच ठेवा. एमपी४ ची सूची साधारणपणे शेवटी लिहिली जाते. मधेच लाइट गेली तर दोन तासांची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर ओबीएसच्याच ‘रीमक्स’ने ती काही मिनिटांत एमपी४ होते, क्वालिटीला धक्का न लागता. शिवाय ‘ऑटोमॅटिक फाइल स्प्लिटिंग’ ३० मिनिटांवर ठेवा.

सेटटॉप बॉक्स

बॉक्सची एचडीएमआय कॅप्चरला लावली की बऱ्याचदा काळा पडदा येतो. एचडीसीपी हे कुलूप आहे, कार्डाचा दोष नाही. एव्ही आउट वापरा. बॉक्सच्या मेनूत स्क्रीन १६:९ आणि पाल ठेवा, आणि ओबीएसमध्ये कॅनव्हास ७६८ ऐवजी १०२४ बाय ५७६ करा. ४:३ लेटरबॉक्स ठेवलं तर वर-खालच्या काळ्या पट्ट्यांत रेघा वाया जातात.

सह्याद्रीवरचं कीर्तन असो की कबड्डीचा सामना, हे चित्र आधीच दाबून आलेलं असतं. त्यातले चौकोन १५ मेगाबिटने जात नाहीत. भाषण, बातम्या, कीर्तनाला ४, खेळाला ६ ते ७, एवढं एमपीईजी-२ मध्ये भरपूर. एच.२६४ घेत असाल तर सीआरएफ २०.

दोन किरकोळ पण घात करणाऱ्या गोष्टी. काही बॉक्स रिमोटला हात लागला नाही तर तीन-चार तासांनी स्वतःच झोपी जातात. मेनूतला ऑटो स्टँडबाय बंद करा. आणि बॉक्सचा आवाज एव्हीवरही कमी-जास्त होतो, म्हणून तो ऐंशी टक्क्यांवर ठेवून मग कार्यक्रम संपेपर्यंत रिमोट लपवून ठेवा. रेकॉर्डिंग घरच्यांनी पाहण्यापुरतं ठेवा. वाहिनीचा कार्यक्रम इंटरनेटवर चढवायचा नाही.

आवाज

मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास यावा, शून्याला कधीच टेकू नये. बँडच्या तुकड्यावर पातळी ठरवा, मंगलाष्टकांवर नको. नाहीतर बँड सुरू झाला की सगळं फाटतं. आवाज कॅप्चर कार्डाच्याच पिनांतून घ्या. लॅपटॉपच्या माइकच्या जॅकला वेगळी वायर लावली तर चित्राचं घड्याळ एक आणि आवाजाचं दुसरं होतं. सुरुवातीला जमलेलं दिसतं आणि दोन तासांनी ताशाची काडी आधी पडते, आवाज मागून येतो.

फ्रेम गळतात तेव्हा

ओबीएसची ‘स्टॅट्स’ खिडकी उघडी ठेवा. ‘एन्कोडिंग लॅग’मुळे फ्रेम गळत असतील तर प्रोसेसर कमी पडतोय: प्रीसेट ‘सुपरफास्ट’ करा, ब्राउझर बंद करा. ‘रेंडरिंग लॅग’ असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे, प्रिव्ह्यू बंद करा. दोन्ही शून्य असून चित्र अडखळत असेल तर कार्ड यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, आणि त्याच बाजूला बाहेरची हार्ड डिस्क लावू नका. रेकॉर्डिंग आतल्या डिस्कवर करा, नंतर कॉपी करा. डिस्क एफएटी३२ असेल तर फाइल ४ जीबीला थांबते, एनटीएफएस हवं.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं: ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा दुपारी लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतो आणि फ्रेम गळायला लागतात. सकाळी ठीक चाललेलं सेटिंग दुपारी बिघडलं तर सेटिंगला दोष देऊ नका. पहाटे किंवा रात्री काम करा, लॅपटॉप गादीवर नको, खाली दोन पुस्तकं देऊन उचला. वाळ्याच्या कूलरचा ओला झोत थेट व्हीसीआरवर येऊ देऊ नका; ड्रमवर ओल बसली की फीत चिकटते.

चित्रात आडवे जाड पट्टे हळूहळू वर सरकत असतील तर ते विजेच्या अर्थिंगचं दुखणं आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा पट्टे तिथेच जातात. गावात शेतीपंप सुरू होतात त्या वेळी दाब खाली येतो आणि व्हीसीआरची गती डगमगते. व्हीसीआर यूपीएसवर किंवा स्टॅबिलायझरवर ठेवा.

कसोटीचा तुकडा

पूर्ण कॅसेट लावण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे फिरवा, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर लावूच नका. ती व्हीसीआरच्या हेडला चिकटते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. आधी तिची सफाई. मग ट्रॅकिंग फिरवून चित्र स्थिर करा.

चाचणीला कॅसेटचा सर्वांत वाईट भाग निवडा: रात्रीची वरात, कॅमेरा फिरणारा, दिवे चमकणारे. दोन-तीन मिनिटांचा तुकडा तीन सेटिंगवर घ्या: सीआरएफ १६, १८ आणि २१. ते लॅपटॉपवर नव्हे, ज्या टीव्हीवर पाहणार त्याच टीव्हीवर नेहमीच्या अंतरावरून पाहा. १८ आणि २१ मध्ये घरच्यांना फरक दिसला नाही तर २१ घ्या, जागा वाचेल. दिसला तर १८. १६ आणि १८ मध्ये फरक दिसला तर कॅसेट लॉसलेस घेण्याजोगी आहे असं समजा. चित्राच्या तळाशी सहा-आठ रेघांची फाटकी पट्टी दिसेल. ती व्हीएचएसच्या हेडची असते, कुठलंही सेटिंग ती काढत नाही. हवी तर मागाहून काळी पट्टी टाकून झाका.

खरखराट कमी करणारे फिल्टर कॅप्चर करताना लावू नका. ते प्रोसेसर खातात आणि चेहऱ्यांवरचा तपशील पुसतात. नंतरच्या प्रतीवर हवे तेवढे प्रयोग करा, मूळ फाइल तशीच ठेवून.

रेकॉर्डिंग संपल्यावर फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या पाच मिनिटांत उघडून पाहा; शेवटी ओठ आणि आवाज जुळतात का ते खास पाहा. नावात लग्न कोणाचं, गाव आणि साल लिहा. एक प्रत घरच्या डिस्कवर, दुसरी वेगळ्या घरी ठेवा, आणि हे झाल्याशिवाय कॅसेट कोणाला देऊन टाकू नका.